उजव्या चाकाचे कान डाव्या चाकाला

मोऱ्या, आधी गुन्हा कबूल करतो, बाकीचं मागाहून. तुझ्या लाल गाडीच्या चाकांवरचे स्पिनर मी उलटे लावले होते. उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे, चारही. संक्रांतीनंतर तू काटोल रोडच्या लॉनवर फायबरचा हत्ती पोचवायला गेला होतास आणि शेडची किल्ली माझ्याकडे देऊन गेला होतास, त्या दुपारी. तू गेलास त्या दिवशीही ते तसेच होते.

तुझी तेरवी होऊन आठवडा झाला. दुकानात मला बसवत नाही. गांधीबागेत तीस वर्षं साड्या उलगडतोय, पदर खांद्यावर टाकून बायकांसमोर गिरकी घेणारा माणूस मी, आणि परवा एका गिऱ्हाईकाला तीच साडी तीनदा दाखवली. मालक म्हणाले, "विलासभाऊ, घरी जा जरा." घरी गेलो, तर घरातही बसवेना. स्कूटर काढली आणि कामठी रोडला तुझ्या शेडवरून एक चक्कर मारून आलो. थांबलो नाही. काल पुन्हा. रस्त्यावरून पत्र्याच्या फटीत गाडीचं लाल टोक दिसतं, ते पाहिलं आणि पुढे गेलो.

आता मी वाचणाऱ्यांना दोन गोष्टी समजावून सांगणार. तू असतास तर म्हणाला असतास, "सुरू झालं याचं नाटक." होऊ दे.

तर मंडळी, मोरेश्वर हा माझा शाळेपासूनचा मित्र. नागपुरातल्या लग्नाच्या लॉनसाठी फायबरचे हत्ती, घोडे, मोर बनवायचा. दारात सोंड वर करून उभे असतात ना, ते. पन्नाशी उलटली तेव्हा एका जुन्या सेडानचं इंजिन आणि सांगाडा घेऊन त्यावर त्यानं विदेशी रेसच्या गाडीची हुबेहूब नक्कल बसवली. उघडी, बुटकी, दोन सीटांची. तीन वर्षं लागली. आणि सगळं होऊन गाडी पळायला लागल्यावरही समाधान नाही, म्हणून गेल्या दसऱ्याआधी चाकांसाठी स्पिनर मागवले.

जुन्या खऱ्या रेसच्या गाडीत चाक एकाच मोठ्या नटावर असायचं आणि त्या नटाला तीन कान असायचे. चाक बदलायचं तर कानावर हातोडा हाणायचा, नट मोकळा. डाव्या आणि उजव्या बाजूचे नट वेगळे, नाहीतर पळता पळता सैल होणार. मोऱ्याच्या गाडीचं चाक मात्र साध्या पाच नटांवर बसलेलं. स्पिनर म्हणजे वरून लावायची चकचकीत टोपी, तीन कानांची, बारीक स्क्रूनं आवळलेली. काही धरत नाही, काही सोडत नाही. शोभा. पण बनवणाऱ्यानं इमानदारीनं दोन डाव्या आणि दोन उजव्या पाठवल्या होत्या. फरक एवढाच की कान किंचित वाकलेले, एका जोडीचे इकडे आणि दुसरीचे तिकडे.

संपलं माझं निवेदन. आता पुन्हा तुझ्याशी.

तो रविवार आठवतो? तू चटईवर मांडी घालून बसलास. चारही स्पिनर जुन्या धोतराच्या तुकड्यावर ओळीनं मांडलेस, पोरगी पाहायला आल्यासारखा एकेक उचलून पाहिलास.

"हे पाह्य, आतून एल अन् आर लिहिलं हाये," तू म्हणालास.

"मग?"

"मग काय मग? चाक समोर फिरलं की कान मागं झुकलेले दिसले पाहिजे. वाऱ्यानं मागं गेल्यासारखे."

"अबे, पण हे काही धरतच नाही ना. कसेही लाव. काय फरक पडते?"

तू हातातला पाना खाली ठेवलास. तू पाना खाली ठेवलास की मला कळायचं, आता भाषण येणार.

"तान्ह्या पोळ्याचा बैल लाकडाचा असते ना?"

"हाव."

"चाकावर चालते ना?"

"हाव ना गा."

"मग तो खोटा हाये म्हणून त्याची शेपटी तोंडाकडं लावतो का आपण?"

"शेपटी सगळ्यायले दिसते. हे कान कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना बे!" तू एवढ्या जोरानं ओरडलास की शेडवरची कबुतरं उडाली. "तू गिऱ्हाईकाले साडीची उलटी बाजू वर करून दाखवतो का?"

"साडीची उलटी बाजू बाईले अंधारातही समजते. हे तुले उजेडातही समजणार नाही. लावून दाखवू?"

"लावून तर पाह्य," तू म्हणालास.

ऐकलंस? परवानगी तूच दिली होतीस. नंतर तू शोभावहिनींची कपडे धुवायची मोगरी आणलीस आणि प्रत्येक स्पिनरच्या प्रत्येक कानावर हळूच एकेक ठोका दिलास. चार चाकं, बारा ठोके. स्क्रूनं आवळलेल्या वस्तूला मोगरीची काय गरज, असं मी विचारलं तर म्हणालास, खऱ्या गाडीले मारतात. शेडला लागूनच असलेल्या घरातून वहिनींचा आवाज आला, "माझी मोगरी आना आधी! इथं चादरी भिजून राहिल्या!" तू राजासारखा उठून म्हणालास, "दोन मिनिटं थांब वं, चाकं पक्की करून राहिलो."

मी त्या दिवशी इतका हसलो होतो की पोटात दुखायला लागलं. आणि त्याच दिवशी ठरवलं, हा वाद मी जिंकणार.

योजना सोपी होती. कान उलटे लावायचे, महिनाभर गप्प बसायचं, मग तर्रीपोह्याच्या टपरीवर, चारचौघांत, नारळ-हार घेऊन जाहीर करायचं: सज्जनहो, या गृहस्थांनी एक महिना स्वतःच्या गाडीचे उलटे कान पाहिले आणि त्यांना पत्ता लागला नाही. भाषण तयार होतं. हाराची ऑर्डर तेवढी बाकी होती.

महिना झाला. तुला कळलं नाही. मला एवढी मजा येत होती की मी म्हटलं, अजून एक महिना.

काय दिवस होते रे ते. रविवारी सकाळी टपरीपुढे गाडी लावली की पोट्टे गोळा व्हायचे. कुणी विचारलं, "काका, बाहेरून आनली का?" की मी सुरू. एकदा ती मी एका विदेशी राजपुत्राच्या तबेल्यातून आणली होती, एकदा समुद्रात बुडालेल्या जहाजातून काढली होती. लोक तोंड उघडं ठेवून ऐकायचे आणि तू पोह्यांवर तर्रीचा तिखट रस्सा ओतून घेत मान वर न करता म्हणायचास, "फायबर हाये. हत्तीतून उरलेलं." माझा महाल एका वाक्यात खाली. आणि मी तुझ्याकडे रागानं पाहत असताना मनात गुदगुल्या व्हायच्या. बोल बेट्या, बोल. खरेपणाचा एवढा सोस ना तुला? तुझ्या पुढच्या चाकाकडे बघ.

तू बघायचास. सरळ चाकाकडे बघायचास आणि काही म्हणायचा नाहीस.

हे मला आता रोज आठवतं. ज्या माणसाला मोराच्या मानेतला केसाएवढा बाक दहा फुटांवरून दिसायचा, तो चार महिने आपल्याच गाडीच्या चाकासमोर उभा राहिला आणि त्याला काही दिसलं नाही. मी घाबरायला हवं होतं. हात धरून तुला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी हसत होतो.

मार्चमध्ये तू पहिल्यांदा म्हणालास, "आज तू चालव बे. मालक बाजूले बसते." मी फुललो. मला वाटलं, शेवटी या माणसाला माझ्या ड्रायव्हिंगची कदर आली. नंतर दर रविवारी मीच चालवली. सिग्नलला तू विचारायचास, "सुटला का?" मी म्हणायचो, "तुले काय घाई?" सिग्नल समोर होता, मोऱ्या. टपरीवरच्या फळ्याकडे पाहून तू एकदा म्हणालास, "काय काय लिहिलं हाये, वाच बरं मोठ्यानं, तुह्या नाटकी आवाजात." मी वाचलं. मान झुकवून, हात पसरून, समोसा आणि साबुदाणा वडा असे काही वाचले की टपरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तू हसलास. मला अजून एक प्रयोग यशस्वी झाल्यासारखं वाटलं.

आणि एप्रिलमधली ती सकाळ. शेडमध्ये मी गाडी पुसत होतो. तू उजव्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलास आणि स्पिनरवर तळहात फिरवलास. नवा साचा तपासताना तू फिरवायचास, डोळे मिटून, तसा. मग थांबलास. एक कान दोन बोटांत धरलास, शाळेत मास्तर धरायचे तसा. मी फडकं हातात घेऊन उभा. भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं.

तू कान सोडलास, गुडघ्यावर हात टेकून उठलास आणि म्हणालास, "चाल, पोहे थंडे होतील."

बस, एवढंच. मी समजलो, वाचलो. पुढच्या महिन्यात तू गेलास. सकाळी अंघोळीला गेलेला माणूस बाहेर आला नाही. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, मला जमत नाही.

काल वहिनींचा फोन आला. "भाऊजी, गाडीची बॅटरी उतरून जाईल म्हणतात. येऊन सुरू करून द्याल का?" मी आज सकाळी गेलो. खिशात स्पिनरचे स्क्रू सोडवायची ॲलन चावी होती. खरं सांगतो, मनात चोरी होती. त्या चहा ठेवायला आत जातील तेवढ्यात चारही स्पिनर अदलाबदल करायचे, कुणाला काही सांगायचं नाही, प्रकरण बंद.

वहिनी आत गेल्याच नाहीत. स्टूल आणलं आणि समोर बसल्या. पांढरी नाही, तुला आवडायची ती जांभळी साडी नेसल्या होत्या, आमच्याच दुकानातली. मी गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. बोनेट उघडलं, पाणी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काहून जी भाऊजी, काय शोधून राहिले?"

मग मी सांगितलं. तुला सांगायचं भाषण नव्हे, साधंच. कान उलटे लावले, मस्करी होती, त्याला कळलं नाही, सांगायचं राहून गेलं. सांगताना मला हसू यावं असं वाटत होतं, आलं नाही.

वहिनींनी स्टुलावरूनच वाकून चाकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्यायले दिसत कुठं होतं?"

"म्हणजे?"

"शुगरनं डोळे गेले होते जी. एक तर पुरा गेला होता, दिवाळीपासूनच. दुसऱ्यानं धुरकट दिसे. इंजेक्शनं सुरू होती. मले शपथ घातली होती. म्हणे, विल्याले सांगू नको."

"काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून नुसतं "काहून" निघालं, तेही लहान पोरासारखं.

वहिनींनी पदर नीट केला. "राग नका मानू. म्हणे, त्याच्या पोटात काही राहत नाही. उद्या टपरीवर माह्या डोळ्याचं नाटक करील. लोक हत्ती घ्यायले येणार नाहीत."

मोऱ्या, तू अगदी बरोबर ओळखलं होतंस. मी केलं असतं. आंधळा मूर्तिकार, स्पर्शानं मोर घडवणारा, काय काय रंगवलं असतं मी. प्रेमानंच रंगवलं असतं, पण रंगवलं असतं. आणि बघ, तुझ्या जिवंतपणी जे करायला मिळालं नाही ते मी आत्ता कागदावर करतोय. मला थांबता येत नाही. तू मला माफ कर किंवा नको करूस, पण हे ऐक.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. ती एप्रिलची सकाळ. तुझे डोळे गेले होते, हात नाही. त्या हातांनी तू केसाएवढा बाक पकडायचास. तू स्पिनरचा कान बोटांत धरलास तेव्हा तुला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. कुणी केलं तेही कळलं असणार, असा गाढवपणा करणारा तुझ्या आयुष्यात मी एकटाच. मग ओरडला का नाहीस? कबुतरं का नाही उडवलीस?

कारण ओरडला असतास तर मी नाचत विचारलं असतं, तीन महिने दिसलं कसं नाही? आणि तुला उत्तर द्यावं लागलं असतं. माझी मस्करी तुझ्या तोंडावर हात ठेवून बसली होती. तिकडे तू डोळ्यांचं लपवलंस म्हणून माझी मस्करी फुटली नाही. एका शेडमध्ये, एका चाकाशी, दोन हातांच्या अंतरावर आपण दोघं गप्प उभे होतो. चाळीस वर्षांत आपण गप्प बसल्याचं मला दुसरं एकही उदाहरण आठवत नाही. आणि मग तू पोह्यांचं काढलंस. मला वाटलं, मी वाचलो. तूही मनात हेच म्हणालास का रे? विचारायचं होतं. कुणाला विचारू?

म्हणजे तो वाद तू जिंकलास. उजेडातही तुला समजणार नाही म्हणालो होतो, तुला उजेडाशिवाय समजलं. हे तुला समोर उभं राहून सांगायला मी काहीही दिलं असतं. हार माझ्याकडून, नारळ माझ्याकडून.

हे सगळं मी वहिनींना सांगत होतो, हातवारे करत, शेडभर फिरत. त्या म्हणाल्या, "बसा भाऊजी. सुलटे करा आधी ते."

मी ॲलन चावी काढली. एकेक स्पिनर सोडवला. वहिनी स्क्रू पडू नये म्हणून ताटली धरून माझ्याबरोबर चाकाचाकाशी सरकत होत्या. मी आतली अक्षरं पाहून एल डावीकडे, आर उजवीकडे लावला. शेवटचा स्क्रू आवळला आणि उठलो, तर त्या म्हणाल्या, "चाक फिरवून पाहा, कान मागं जातात का." गाडी हातभर ढकलली. जात होते. वाऱ्यानं मागं गेल्यासारखे. मोऱ्या, फरक दिसतो रे. आधी माहीत असलं की खूप दिसतो.

मी हात पुसले. म्हटलं, "आता कव्हर घालतो."

"नका घालू," वहिनी म्हणाल्या. "मले खाप्याले सोडून द्या."

खापा त्यांचं माहेर. त्यांचे भाऊ परवा त्यांना न्यायला येणार होते, आठ-पंधरा दिवस माहेरी राहायला. मी तसं म्हणालो. मोठी गाडी घेऊन येतील, आरामात जाल.

"या गाडीत मी एकदाबी बसली नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तक्रार केली नाही. "दोन सीटा. एक त्यायची, एक तुमची. चार पावसाळे झाले ही गाडी दारात उभी हाये. दर रविवारी मी तुमच्यासाठी चहा केला अन् तुम्ही दोघं फुर्र करून निघून गेले. मी म्हणे, आज नाही तर पुढच्या रविवारी म्हणतील, चाल वं."

बोलणं हा माझा धंदा आहे, तरी मी पुसलेले हात पुन्हा पुसत राहिलो. आठवडाभर मी चार चकचकीत टोप्यांसाठी तळमळत होतो, नागपूरभर स्कूटर फिरवत होतो. ज्या सीटवर मी चार वर्षं मांड ठोकून बसलो होतो, ती कुणाची होती हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुझ्याही आलं नाही. हे मात्र आपण दोघांनी मिळून केलं.

तरी मी म्हणालोच, "वहिनी, आत्ताच तर सगळं झालंय. उघडी गाडी. लोक काय म्हणतील?"

"लोकायले म्हणा, दोनच सीटा हायेत, तुमाले बसायले जागा नाही."

मी हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा, खरंच, पोटातून. त्याही हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसत आत गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या त्या एक पिशवी, पाण्याची बाटली आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ घेऊन. दार उघडायची कळ कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं. मी दाखवली.

सावनेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करत होते. एका मोटरसायकलवरचे दोन पोट्टे बराच वेळ बाजूनं चालले, ओरडून विचारलं, "काका, कोणती गाडी हो?" मी तोंड उघडलं, राजपुत्र जिभेवर तयार होता.

"फायबर हाये!" वहिनी माझ्या आधी ओरडल्या. "आमच्या यायनं बनवली!"

पोट्टे अंगठा दाखवून पुढे गेले. वहिनी समोर बघत राहिल्या. स्कार्फचं टोक वाऱ्यानं त्यांच्या गालावर आपटत होतं, त्यांनी ते हातात धरून ठेवलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊजी, हे तुमाले किती जोरात नेत?"

मला नव्वद म्हणायचं होतं. शंभर म्हणायचं होतं. मी खरं सांगितलं. "साठच्या वर कधीच नाही. फायबर हलते म्हणे."

त्यांनी स्कार्फची गाठ आवळली.

"मग सत्तर करा."